काजू कारखान्यात गणपती-दिवाळीची मागणी: माणसं वाढवावीत, ओव्हरटाइम लावावा की माल आधी करून ठेवावा?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कुडाळजवळ तुमचा काजू प्रक्रियेचा कारखाना आहे. कटिंगपासून पॅकिंगपर्यंत वीस माणसं आहेत, त्यांत बहुतेक आसपासच्या गावांतल्या बायका. गणपतीपासून दिवाळीपर्यंत मागणी दुपटी-तिपटीने वाढते आणि नेमकी त्याच काळात हजेरी घसरते. दर ऑक्टोबरात डबे कमी पडतात. यंदा माणसं वाढवू, ओव्हरटाइम लावू, की आधीच माल करून ठेवू, असं तुम्ही विचारलंत. बँकेची कॅश क्रेडिटची (साठ्यावर मिळणाऱ्या खेळत्या कर्जाची) मर्यादा एप्रिल-मेच्या बी खरेदीतच भरते, ही अडचणही लिहिलीत.

हे तीन पर्याय एकमेकांसमोर ठेवून त्यातला एक निवडायचा, अशी मांडणी केली की उत्तर चुकतं. ऑक्टोबरात जे कमी पडतं ते मे-जूनमध्ये ठरलेलं असतं. ऑक्टोबर उजाडल्यावर हातात उरतो तो फक्त ओव्हरटाइम, आणि तिघांमध्ये तोच सगळ्यात महाग. म्हणून प्रश्न असा मांडा: मे ते ऑक्टोबर या सहा महिन्यांत माझ्याकडे खरोखर किती माणूस-दिवस आहेत, त्यांत किती गर निघतो, आणि दिवाळीचा माल सुटेपर्यंत एकूण किती गर लागतो?

कॅलेंडरपासून सुरुवात करा, आणि तेही तिथीच्या. २०२५ साली गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ साली अधिक महिन्यामुळे १४ सप्टेंबरला. लक्ष्मीपूजन २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला, तर २०२६ मध्ये ८ नोव्हेंबरला. म्हणजे गेल्या वर्षीचे ऑगस्ट-सप्टेंबरचे विक्रीचे आकडे तसेच उचलले, तर अडीच आठवड्यांची गफलत होते. जुनी विक्री ‘गणपतीआधी चार आठवडे, गणपतीत, दिवाळीआधी सहा आठवडे’ अशी मांडा आणि मग यंदाच्या तारखांवर बसवा. शेतीची कामं मात्र तिथीवर चालत नाहीत, ती पावसावर चालतात. लावणी जूनअखेर ते जुलै, कापणी-झोडणी बहुधा ऑक्टोबरात. दिवाळी लवकर आली तर कापणी आणि दिवाळीचा माल एकाच वेळी अंगावर येतात. उशिरा आली तर कापणीनंतर दोनेक आठवडे मोकळे मिळतात. दरवर्षी एकच ठरलेला आराखडा चालत नाही, त्याचं मोठं कारण हे.

आता हिशेब. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचे आकडे तुमच्या मस्टरवरून आणि वजनकाट्यावरून घ्या. समजा ४ किलो बीमागे १ किलो गर पडतो, आणि कटिंग, बोरमा (गर सुकवायची भट्टी), सोलणी, ग्रेडिंग, पॅकिंग असं सगळं मिळून एका माणसामागे दिवसाला ४ किलो गर तयार होतो. महिन्यांच्या ओळी अशा धरू (दिवाळी ऑक्टोबरात धरून; आधी मागणी, मग माणूस प्रत्यक्ष कामावर असण्याचे दिवस):

मे: १५०० किलो, २५ दिवस
जून: १००० किलो, २० दिवस
जुलै: १००० किलो, १५ दिवस
ऑगस्ट: २५०० किलो, २२ दिवस
सप्टेंबर: २५०० किलो, १८ दिवस
ऑक्टोबर: ४००० किलो, २० दिवस
नोव्हेंबर: १५०० किलो, २० दिवस

एकूण मागणी १४,००० किलो. बहुतेक जण इथे सरळ भागाकार करतात: महिन्याला सरासरी २००० किलो, एक माणूस २५ दिवसांत १०० किलो, म्हणजे वीस माणसं पुरे. तुमची वीस माणसं याच हिशेबातून आली असावीत. पण कामाचे दिवस १७५ नाहीत, १४० आहेत. वीस माणसांनी ऑक्टोबरअखेरपर्यंत १२० दिवसांत ९६०० किलो गर निघतो आणि तोपर्यंतची मागणी १२,५०० किलो आहे. तूट २९०० किलो. ती सप्टेंबरातच सुरू होते, ऑक्टोबरात नुसती उघडी पडते.

मग १४० दिवस धरून पुन्हा भागाकार केला तर पंचवीस माणसं येतात. तेही पुरत नाही. पंचवीस माणसांनी सात महिन्यांत बरोबर १४,००० किलो होतात खरे, पण ऑक्टोबरअखेर ५०० किलो कमी असतात आणि ते नोव्हेंबरात, दिवाळी उलटल्यावर तयार होतात. म्हणून पूर्ण हंगामाची सरासरी काढायची नाही. प्रत्येक महिन्याअखेरपर्यंतची एकत्रित मागणी त्या वेळेपर्यंतच्या एकत्रित दिवसांनी भागायची आणि येणाऱ्या आकड्यांतला सगळ्यात मोठा घ्यायचा. इथे तो ऑक्टोबरचा आहे: १२,५०० भागिले ४८०, म्हणजे २६ आणि थोडं वर. सव्वीस माणसांत वीसेक किलोची तूट राहते, ती एका जादा दिवसात भरते.

सव्वीस माणसं मेपासून सलग ठेवली तर साठा असा चढतो-उतरतो: मेअखेर ११०० किलो, जूनअखेर २१८०, जुलैअखेर २७४०, ऑगस्टअखेर २५२८, सप्टेंबरअखेर १९००, आणि ऑक्टोबरात संपतो. म्हणजे सर्वांत जास्त साठा २७४ डबे, दहा किलोचे. लाकडी फळ्यांवर रचले तर एका कोरड्या खोलीत मावतात.

आता पैशाकडे येऊ, कारण तुमची खरी भीती ती आहे. मजुरी दिवसाला ४०० रुपये धरली तर किलोमागे १०० रुपये. जळण, वीज, डबा वगैरे ३० धरा. बी किलोला १५० रुपये धरली तर एक किलो गराच्या पोटात ६०० रुपयांची बी आहे. लोक म्हणतात, ‘गर करून ठेवला तर किलोमागे ७३० रुपये अडकतात.’ तुमच्या बाबतीत हे खरं नाही. कोकणातली बी मुख्यतः मार्च ते मे या काळात येते आणि ती तुम्ही तेव्हाच घेता. ते ६०० रुपये बी पोत्यात असली तरी अडकलेलेच आहेत, गर डब्यात असला तरी अडकलेलेच. आधी प्रक्रिया केल्याने नव्याने अडकतात ते फक्त १३० रुपये. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर किलोमागे महिन्याला १ रुपया ३० पैसे. वरच्या पाच महिनाअखेरच्या साठ्यांची बेरीज १०,४४८ किलो-महिने होते. त्यावर पूर्ण हंगामाचं जादा व्याज साडेतेरा हजारांच्या आसपास येतं. जुलैअखेर जास्तीत जास्त जादा रक्कम अडकते साडेतीन लाखांच्या जवळपास. याच हंगामाच्या १४,००० किलो गरासाठी लागणारी ५६ टन बी ८४ लाखांची आहे, हे शेजारी ठेवून पाहा.

ओव्हरटाइमचा भाव याच मापाने काढा. आठ तासांना ४०० म्हणजे तासाला ५०, दुपटीने १००. नवव्या-दहाव्या तासाला हात मंदावतात. आठ तासांत ४ किलो म्हणजे तासाला अर्धा किलो असला, तरी जादा तासाला ०.४ किलोच धरा. किलोमागे मजुरी २५० रुपये पडते, नेहमीपेक्षा १५० जास्त. शिवाय थकलेल्या हाताने कटिंग केलं की अख्खा गर कमी निघतो आणि पाकळी-तुकडा वाढतो. तो तोटा मजुरीच्या वहीत दिसत नाही, विक्रीच्या वहीत दिसतो. आणि एवढं करूनही पुरतं का? वीस माणसं, रोज दोन तास, ऑगस्ट ते ऑक्टोबरचे साठ दिवस: ९६० किलो. तूट २९०० किलोची आहे. ओव्हरटाइमने हा खड्डा भरणार नाही, दर कितीही दिला तरी.

यात एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, ती स्पष्ट लिहितो. तुम्ही बी एकदम न घेता व्यापाऱ्याकडून किंवा आयात मालातून महिन्याच्या महिन्याला घेत असाल, तर आधी गर करणं म्हणजे बीही आधी घेणं. मग किलोमागे पूर्ण ७३० रुपये अडकतात आणि महिन्याला ७ रुपये ३० पैसे व्याज लागतं. तीन महिने धरले तरी २२ रुपये, ओव्हरटाइमच्या १५० पेक्षा पुष्कळ कमी. पण तेव्हा अडचण व्याजाची नसते, बँकेच्या मर्यादेची असते, आणि मधे गराचा भाव पडला तर तो धोकाही तुमच्याच डोक्यावर असतो. अशा कारखान्याने दिवाळीच्या पक्क्या ऑर्डरींइतकाच माल आधी करावा.

तुमच्यासाठी यातून निघणारी कामाची गोष्ट अशी की मर्यादा शेवटच्या रुपयापर्यंत बीत घालू नका. बँक साठ्याच्या किमतीतून मार्जिन (तुम्ही स्वतः घालायचा हिस्सा) वजा करून पैसे उचलू देते. बी भरून टाकली आणि मजुरीला काही उरलं नाही, तर मे-जूनमध्ये माणसं असूनही काम हळू चालतं. दोन-अडीच टन बी कमी घ्या आणि तेवढे साडेतीन लाख मजुरी-जळणाला बाजूला ठेवा. साधा सोलणी-कटिंगचा पगार थांबला म्हणून कारखाना थंड पडलेला आणि गोदामात बी भरलेली, हे चित्र आपल्या भागात फार दिसतं. दोन टन बीपोटी सबंध ऑक्टोबर हातचा जातो.

साठा नेमका कुठल्या टप्प्यावर करायचा, यावर जरा सविस्तर लिहितो, कारण हिशेब बरोबर असूनही माल इथे बिघडतो.

काजूचा साठा दोनच ठिकाणी टिकतो: वाळवलेली बी आणि पॅक केलेला गर. मधला कुठलाही टप्पा साठवायचा नसतो. उकडलेली बी एक रात्र निवू देतात, दुसऱ्या दिवशी ती कटिंगला गेलीच पाहिजे. कापलेला गर सालीसकट लगेच बोरम्यात जातो, साधारण ६५ ते ७० अंशांवर सहा ते आठ तास. बोरम्यातून काढलेला गर पावसाळी हवेत राहिला की सादळतो, साल पुन्हा चिकटते. मग तो परत तापवावा लागतो, ठिसूळ होतो आणि सोलताना फुटतो. म्हणून आज कटिंगमध्ये जेवढा माल पडला, तेवढा उद्या-परवा सोलून झालाच पाहिजे. ओव्हरटाइम लावताना नेमकं इथे चुकतं. कटिंगवाल्यांना दोन तास जास्त थांबवलं आणि सोलणी नेहमीच्या वेळेला सुटली, तर तुम्ही माल वाढवला नाही, बोरम्यासमोर सादळणारा ढीग वाढवला. जादा तास सगळ्यात अडणाऱ्या टप्प्याला द्या. अडणारा टप्पा कोणता ते टोपल्या पाहून कळतं: ज्या टेबलासमोर संध्याकाळी माल उरतो, तो. बहुतेक लहान कारखान्यांत ती सोलणी असते. बोरमा अडत असेल तर माणसं वाढवून काहीच मिळत नाही. आधी एक जादा ट्रॉली किंवा रात्रीची एक भट्टी बघा.

बी साठवताना पाऊस सुरू होण्याआधी ती पूर्ण वाळलेली हवी. दोन-तीन चांगली उन्हं, ओलावा ८-९ टक्क्यांपर्यंत. मूठभर बी हलवली की आत गर वाजतो, ती खूण जुनी आहे आणि चांगली आहे, पण ओलावा मोजायचं यंत्र घेऊन ठेवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात घाईने घेतलेली अर्धओली बी बारदानात भरून ठेवली की जुलैत आतून गरम होते, बुरशी धरते, गरावर काळे डाग येतात. पोती भिंतीपासून फूटभर लांब आणि जमिनीपासून वर, फळ्यांवर. शेवटी आलेली, शंकेची पोती आधी फोडा, आधी आलेली कडक वाळलेली नंतरसाठी ठेवा. इथे आधी आलं ते आधी वापरा हा नियम उलटा चालवावा लागतो.

कुठली बी कधी फोडायची, यातही माणसं वाचतात. सोलणीला वेळ लागतो तो दाण्यामागे, किलोमागे नव्हे. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात ३२० पर्यंत दाणे, किलोला साधारण ७०० दाणे. डब्ल्यू-२१० मध्ये किलोला ४६०च्या आसपास. म्हणजे बारीक गावठी बीचा एक किलो गर सोलायला मोठ्या बीच्या दीडपट दाणे हातातून जातात. कटिंगलाही तेच. म्हणून गावठी बारीक बी मे-जूनमध्ये काढून टाका, जेव्हा हात भरपूर आहेत. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ सारख्या जातींची मोठी बी सप्टेंबर-ऑक्टोबरसाठी राखा. तेव्हा हात कमी असले तरी किलो जास्त पडतात आणि दिवाळीच्या बॉक्सना मोठा दाणाच लागतो. वर आपण ‘माणसामागे ४ किलो’ असा एकच आकडा धरला. तुम्ही तो गावठी बी आणि मोठी बी असा वेगळा मोजा. चार दिवसांची नोंद पुरते.

तयार गर डब्यात भरताना ओलावा बघा. बोरम्यातून आलेला फार कोरडा गर तसाच भरला तर वाहतुकीत फुटतो, सादळलेला भरला तर खवट होतो. ५ टक्क्यांच्या आत ठेवा आणि डबा नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड भरून सील करा. साठा दहा किलोच्या डब्यातच ठेवायचा. पाव किलो, अर्ध्या किलोची पाकिटं आणि भेटीचे बॉक्स दिवाळीआधीच्या तीन आठवड्यांत भरा. आधीच पाकिटं भरली तर २५० ग्रॅमची उरतात आणि गिऱ्हाईक अर्धा किलो मागतं. डब्यावर सोलणीची तारीख आणि लॉट नंबर लिहिलेला असू द्या, म्हणजे पाकिटावरची मुदत खऱ्या तारखेवरून लावता येते. खारा किंवा मसाला काजू साठवू नका. तळलेला-भाजलेला माल लवकर खवटतो, तो मागणीनुसार आठवड्याला करा. पाकळी, तुकडा, कणीही अडवून ठेवू नका. आइस्क्रीम आणि मिठाईवाल्यांना पावसाळ्यातच काढून टाका. त्यातून मजुरीचे पैसे सुटतात आणि बँकेवरचा ताण कमी होतो. साठा करायचा तो अख्ख्या दाण्याचा, ज्या दोन ग्रेड तुमच्याकडे हमखास खपतात त्यांचाच.

आता सहा माणसं कुठून आणायची, आणि कधी. सप्टेंबरात शोधायला निघालात तर मिळणार नाहीत. ज्या वाड्यांतून माणसं येणार, त्या सगळ्यांची कापणी एकाच वेळी असते. मिळाली तरी नवा हात ऑक्टोबरात उपयोगाचा नाही. कटिंगचा पाय-हात जुळायला आणि टरफलाच्या तेलापासून हात सांभाळायची सवय लागायला काही आठवडे जातात. सोलणी त्याहून लवकर जमते, म्हणून नव्या माणसाला आधी सोलणीला बसवा आणि जुन्या सोलणीवाल्यांपैकी दोन-तीन जणींना कटिंगला घ्या. हे एप्रिलमध्ये करा. एप्रिल हुकला आणि मेमध्ये नव्याने घेतलेल्या सहा जणींचा पहिला महिना अर्ध्या वेगाने गेला असं धरलं, तर ३०० किलो कमी पडतात. किलोवर दर असला तरी शिकण्याच्या काळात किमान वेतनाच्या खाली जाऊ नका. कायदा तर आहेच, पण पहिल्या महिन्यात हातात कमी पडलं तर ती बाई जूनमध्ये लावणीला गेलेली परत येत नाही.

ते ३०० किलो भरून काढायला ओव्हरटाइम वापरा. त्याची योग्य जागा ही आहे. सव्वीस माणसं, रोज एक तास, तासाला ०.४ किलो: दिवसाला १०.४ किलो. एकोणतीस दिवस लागतात, जादा खर्च साधारण ४५ हजार. हे दिवस ऑक्टोबरात शोधू नका. लावणी आटोपल्यापासून गणपतीच्या आठवडाभर आधीपर्यंत जो काळ मिळतो, तोच आपल्याकडे ओव्हरटाइमला सगळ्यात चांगला. घरी शेताचं काम नाही, पुढे सणाचा खर्च आहे, त्यामुळे एक तास थांबायला बायकांची ना नसते. ऑक्टोबरात त्याच बाईला पहाटे कापणी आणि दुपारी झोडणी असते. तिला संध्याकाळी थांबवलं तर दुसऱ्या दिवशी खाडा होतो. ओव्हरटाइम दिला आणि हजेरी गमावली, असा उलटा व्यवहार होतो. ऑक्टोबरात उलट उशिरा सुरू होणारी, जरा छोटी पाळी ठेवून पाहा, अकरा ते सहा. जी सकाळी येऊ शकत नाही ती निदान तेवढी येते.

ओव्हरटाइमला दुप्पट दर द्यावा लागतो आणि किलोवर दर असला तरी तो चुकत नाही. मागच्या महिन्यात त्याच कामावरच्या पूर्ण दिवसांची सरासरी कमाई काढून त्यावरून तासाचा दर ठरवायचा, ही जुन्या, १९४८ च्या कारखाने अधिनियमात असलेली पद्धत हिशेबाला सोपी आहे. दिवसाच्या, आठवड्याच्या आणि तिमाहीच्या तासांच्या मर्यादा गेल्या काही वर्षांत बदलल्या आहेत, त्या तुमच्या कामगार सल्लागाराकडून चालू नियमांप्रमाणे लिहून घ्या. बायकांचं काम संध्याकाळी सातच्या आत संपेल असाच जादा तास लावा. पावसात शेवटची एसटी चुकली तर त्यांना घरी पोचवायची जबाबदारी तुमची.

कुशल हात वाढवण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे बचत गटाला किंवा घरी सोलणी देणं. पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत हा उपयोगी पडतो, कारण बाई दुपारी, रात्री घरी बसून सोलते. पण बोरम्यातला गर हवाबंद पिशवीतच द्या, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी परत घ्या, आणि वजन देताना-घेताना दोन्हीकडे करा. साल किती निघते ते आधी कारखान्यात दहा किलोवर मोजून ठेवा, म्हणजे नंतर वाद होत नाही. अन्नपदार्थ आहे, तेव्हा घरातली जागा, पाणी, केस, मांजर हे सगळं स्वतः जाऊन पाहा. हे जमणार नसेल तर हा मार्ग सोडा.

पुढचं काम लक्ष ठेवण्याचं. आराखडा मेमध्ये भिंतीवर लावला आणि दिवाळीत पाहिला, तर काही उपयोग नाही. महिन्याअखेर डबे मोजा आणि वर दिलेल्या महिनाअखेरच्या साठ्याच्या रेषेशी ताडून पाहा. सगळ्यात महत्त्वाची तारीख जुलैअखेर. तेव्हा २७४० किलोच्या जागी २४०० असतील, तर ऑगस्टच्या पहिल्या सोमवारपासून एक तास जादा सुरू करा. २००० असतील तर ओव्हरटाइमच्या भरवशावर राहू नका. त्याच आठवड्यात ठरवा की कुठल्या व्यापाऱ्याला दिवाळीची ऑर्डर कमी घेणार आहात, किंवा दुसऱ्या कारखान्याकडून डब्ल्यू-३२० चे किती डबे घेणार आहात. जुलैत हे बोलणं सोपं असतं आणि भावही बरा मिळतो. ऑक्टोबरात तेच डबे चढ्या भावाने घ्यावे लागतात. रेषेच्या वर ३०० किलोपेक्षा जास्त साठा दिसला तर ओव्हरटाइम लगेच बंद करा, हेही तितकंच पाळा. एकदा सुरू झालेला जादा तास पगाराचा भाग होऊन बसतो आणि मग तो काढणं अवघड जातं.

हजेरीचे दिवस मी अंदाजाने धरले, तुम्ही तसे धरू नका. मागच्या दोन वर्षांचं मस्टर काढा, महिन्यागणिक प्रत्येकीचे दिवस मोजा. शिवाय मेमध्येच विचारा: कोणाची लावणी घरची, कोण दुसऱ्याकडे जाते, कोणाच्या घरी गणपती दीड दिवसाचा आणि कोणाचा अनंत चतुर्दशीपर्यंत. चाकरमानी घरी आले की त्या आठवड्यात कोणी येणार नाही, हे गृहीतच धरा. पण गौरीगणपती विसर्जनानंतर चाकरमानी परत निघतात तेव्हा हायवेवरच्या दुकानांत काजू सगळ्यात जास्त खपतो, आणि तो माल सुट्टीआधीच दुकानात पोचलेला हवा. गणपतीचा माल चतुर्थीआधी दहा दिवस सुटला पाहिजे, हे त्यामुळेच.

एक्सेल वापरत असाल तर महिन्याच्या ओळी आणि चार खर्च (नेहमीची मजुरी, माणसं घेण्या-कमी करण्याचा खर्च, ओव्हरटाइम, साठा-तूट) एवढं मांडून सॉल्व्हर (सगळ्यात कमी खर्चाचा मेळ शोधणारं एक्सेलमधलं साधन) लावता येतो. हेच चार खर्च घेऊन होल्ट, मोदिग्लियानी, मूथ आणि सायमन या चार अभ्यासकांनी १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या एका रंगाच्या कारखान्यासाठी गणित मांडलं होतं आणि आजही मूळ मांडणी तीच आहे. पण तुमच्याकडे एकच मुख्य माल आहे. वहीत एकत्रित मागणी आणि एकत्रित दिवसांचे दोन रकाने पुरतात.

राहिला एक प्रश्न, जो तुम्हाला पुढे पडेलच: डिसेंबर ते मार्च सव्वीस माणसांना काम काय? पूर्ण काम मिळणार नाही, हे मे महिन्यातच त्यांना सांगा. डिसेंबर-जानेवारीत लग्नसराई आणि पर्यटकांची मागणी असते, त्यासाठी वीस माणसं पुरतील एवढी बी राखून ठेवा. उरलेल्या सहा जणींना फेब्रुवारीत नवी बी यायला लागली की खरेदी, वाळवणी, वजन, पोती भरणं अशी कामं असतात. तोपर्यंतचे दोन-अडीच महिने काहींना घरचं काम असतं आणि काहींना मोहोर आलेल्या आंबा बागांत काम मिळतं. ज्यांना मिळत नाही त्यांच्यासाठी आठवड्यातले तीन दिवस तरी धरा. त्या तीन दिवसांची मजुरी दर एप्रिलला नव्या सहा जणी शिकवण्यापेक्षा आणि त्या ३०० किलोंच्या ४५ हजारांपेक्षा किती कमी-जास्त पडते, ते तुमच्या मस्टरवरून काढा आणि मग किती जणींना धरून ठेवायचं ते ठरवा.